गुगल शीट्समधला हिशोब जुळत नाहीये? चूक कुठे शोधायची आणि कशी दुरुस्त करायची

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी, क्लासची फी, सोसायटीचा मेंटेनन्स, दुकानातला माल, भिशीचा हिशोब... पूर्वी वहीत असणारी ही कामं आता एका लिंकवर आली आहेत. ती लिंक बहुतेक वेळा गुगल शीट्सची असते. २००६ साली सुरू झालेलं हे टूल फुकट आहे, मोबाइलवर चालतं आणि एकाच वेळी अनेक जण त्यात भर घालू शकतात. छोट्या व्यवसायांना आणखी काय हवं?

पण महिनाअखेरीला बेरीज जुळत नाही. कालपर्यंत चालणारा फॉर्म्युला आज लाल खूण दाखवतो. ग्राहकाचं नाव समोर दिसत असताना शीट म्हणतं, सापडलं नाही. मग ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, "शीटला कोणी हात लावला?"

बहुतेक वेळा दोष टूलचा नसतो आणि कोणी मुद्दाम काही केलेलंही नसतं. ठरावीक अडचणी पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांची कारणंही ठरलेली आहेत. ती एकदा समजली की दुरुस्ती पाच-दहा मिनिटांची असते.

दुरुस्तीला हात घालण्याआधी तीन गोष्टी करा

१. 'फाइल' मेनूतून 'मेक अ कॉपी' करा. सगळे प्रयोग त्या कॉपीवर करा, मूळ शीटवर नाही.

२. लाल त्रिकोण असलेल्या सेलवर माउस न्या. शीट्स चुकीचं कारण तिथे लिहून दाखवतं. अर्धी उत्तरं याच चौकटीत असतात आणि ती न वाचताच आपण फॉर्म्युला पुसून टाकतो.

३. 'फाइल'मधून 'सेटिंग्ज' उघडा. 'लोकेल' इंडिया आहे का आणि टाइम झोन भारताचा आहे का, ते बघा. हे का, ते पुढे येईलच.

दिसणाऱ्या चुका: शीट्सचे लाल इशारे

सेलमध्ये '#'ने सुरू होणारा शब्द दिसला की लोक घाबरतात. खरं तर या चुका त्यातल्या त्यात बऱ्या, कारण त्या निदान ओरडून सांगतात.

#रेफ! – फॉर्म्युला ज्या सेलकडे किंवा टॅबकडे बघत होता, ते कोणीतरी डिलीट केलं आहे. लगेच 'अनडू' करा. वेळ गेली असेल तर व्हर्जन हिस्टरीतून जुना फॉर्म्युला बघून घ्या. याचं आणखी एक कारण असतं. काही फॉर्म्युल्यांचं उत्तर अनेक ओळींत पसरतं आणि वाटेतल्या एखाद्या सेलमध्ये आधीच काही लिहिलेलं असेल तर तेही अडतं. तो सेल मोकळा केला की उत्तर येतं.

#एन/ए – शोधलेली गोष्ट यादीत सापडली नाही. व्हीलुकअप वापरणाऱ्यांना हे रोज भेटतं. याचा समाचार पुढे सविस्तर घेऊ.

#व्हॅल्यू! – जिथे आकडा हवा तिथे मजकूर आहे. दराच्या कॉलममध्ये कोणीतरी 'नंतर सांगतो' असं लिहिलं असेल तर गुणाकार कसा होणार?

#डिव्ह/०! – शून्याने किंवा रिकाम्या सेलने भागाकार होतोय.

#नेम? – फंक्शनचं स्पेलिंग चुकलं आहे किंवा मजकुराभोवती अवतरण चिन्हं नाहीत.

#एरर! – फॉर्म्युल्याची मांडणीच शीट्सला कळलेली नाही. व्हॉट्सॲपवरून आलेला फॉर्म्युला पेस्ट केला की हे हमखास होतं, कारण त्यातली सरळ अवतरण चिन्हं कधीकधी वळणदार झालेली असतात. ती हाताने पुसून पुन्हा टाइप करा. कोणी जर्मनीतून तुमच्यासोबत त्याच पद्धतीचं शीट चालवत असेल, तर तिकडच्या लोकेलमध्ये फॉर्म्युल्यात स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम लागतो, हेही लक्षात ठेवा.

या चुका लपवण्यासाठी अनेक जण सगळीकडे 'इफएरर' लावतात. त्याने शीट स्वच्छ दिसतं, पण चूक तिथेच राहते, फक्त दिसेनाशी होते. आधी कारण शोधा, मग हवं तर इफएरर लावा. त्यातही रिकामी जागा न ठेवता 'तपासा' असा शब्द ठेवा.

न दिसणाऱ्या चुका: खरा धोका इथे आहे

आता मुख्य मुद्दा. पैसे बुडतात ते लाल खुणांमुळे कमी आणि गुपचूप होणाऱ्या चुकांमुळे जास्त. इथे शीट काहीच तक्रार करत नाही. उत्तर येतं, फक्त ते चुकीचं असतं.

१. बेरीज कमी येते: '४५०/-'ची सवय

समजा, चकलीच्या दहा ऑर्डरी आहेत. नऊ जणांनी रक्कम नुसती आकड्यात लिहिली आणि एकाने आपल्या सवयीप्रमाणे '४५०/-' लिहिली. वहीत हे बरोबरच आहे. पण शीट्ससाठी '/-' लावलेला आकडा हा आकडा नसून मजकूर आहे. 'सम' फंक्शन मजकूर सरळ वगळतं आणि कोणताही इशारा न देता नऊ ऑर्डरींची बेरीज दाखवतं. '४५० रु' किंवा '२ किलो' लिहिलं तरी तेच होतं.

कसं ओळखायचं? आपण काही बदललं नसेल तर सेलमध्ये खरा आकडा उजवीकडे चिकटतो आणि मजकूर डावीकडे. दुसरी खूण आणखी पक्की आहे. कॉम्प्युटरवर पूर्ण कॉलम सिलेक्ट करा. खाली उजव्या कोपऱ्यात 'सम' दिसतं, त्यावर क्लिक केलं की 'काउंट' आणि 'काउंट नंबर्स' असे दोन आकडे दिसतात. शीर्षकाची ओळ न धरता दोन्ही सारखे आले पाहिजेत. फरक आला तर तितक्या सेलमध्ये आकड्याच्या वेशातला मजकूर आहे.

दुरुस्ती: 'एडिट'मधल्या 'फाइंड अँड रिप्लेस'ने '/-' काढून टाका, कॉलमला 'नंबर' फॉरमॅट द्या आणि पुन्हा मोजा. एखाद्या सेलबद्दल शंका असेल तर 'इझनंबर' फंक्शन लावून बघा. उत्तर 'फॉल्स' आलं तर तो सेल बेरजेत धरला जात नाहीये. शीटमध्ये आकडे इंग्रजी अंकांतच भरायचे, हाही नियम सगळ्यांना सांगून ठेवा. एकाच कॉलममध्ये दोन प्रकारचे अंक असणं म्हणजे गोंधळाला आमंत्रण.

२. ५ एप्रिल की ४ मे?

आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. अमेरिकेत आधी महिना येतो. शीटचं लोकेल अमेरिकेचं असेल तर ०५/०४/२०२५ ही तारीख ४ मे धरली जाते. २५/०४/२०२५ लिहिलं तर पंचविसावा महिना नसतोच, म्हणून शीट ती तारीख मानत नाही, मजकूर म्हणून ठेवतं. परिणाम असा की महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या नोंदी भलत्या महिन्यांत जातात आणि उरलेल्या गाळल्या जातात. ३१ मार्चला आर्थिक वर्ष बंद करताना हा घोळ फार महागात पडतो.

दुरुस्ती: लोकेल इंडिया करा. पण आधीच चुकीची समजली गेलेली तारीख लोकेल बदलल्याने आपोआप सुधारत नाही, ती पुन्हा भरावी लागते. यापुढे तारखेच्या कॉलमला 'डेटा व्हॅलिडेशन' लावा आणि फक्त वैध तारीखच स्वीकारायची अट घाला. तारखेच्या सेलवर डबल क्लिक केल्यावर कॅलेंडर उघडत असेल तर ती खरी तारीख आहे. टाइम झोन चुकला असेल तर फॉर्मवरून आलेल्या नोंदींची वेळ पुढे-मागे होते आणि रात्रीची ऑर्डर वेगळ्या दिवसावर पडू शकते.

स्प्रेडशीटची तारखांची ही हौस शास्त्रज्ञांनाही भोवली आहे. एक्सेल काही जनुकांची इंग्रजी नावं मार्च आणि सप्टेंबरच्या तारखा समजून बदलून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या समितीने अशी नावंच बदलल्याचं जाहीर केलं.

३. खाते क्रमांकातले शेवटचे आकडे शून्य झाले

शीट्स कोणत्याही संख्येतले पहिले १५ आकडेच नेमके लक्षात ठेवतं. १६ किंवा १७ आकडी बँक खाते क्रमांक संख्या म्हणून भरला की पंधराव्यापुढचे आकडे शून्य होतात. शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकातलं सुरुवातीचं शून्यही उडतं. मालाच्या बॅच क्रमांकात दोन आकड्यांच्या मध्ये इंग्रजी 'ई' अक्षर आलं तर शीट्स ती शास्त्रीय पद्धतीने लिहिलेली मोठी संख्या समजू शकतं.

इथे एक नियम पुरतो. ज्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी कधीच करणार नाही, ते आकडे मजकूर म्हणून ठेवा. मोबाइल नंबर, खाते क्रमांक, पिनकोड, बिल क्रमांक हे सगळे त्यात आले. 'फॉरमॅट'मधून 'नंबर' आणि त्यात 'प्लेन टेक्स्ट' निवडा. हे नोंद भरण्याआधी करायचं. एकदा शून्य झालेले आकडे फॉरमॅट बदलून परत येत नाहीत.

४. 'कऱ्हाड' आहे, तरी 'कऱ्हाड' सापडत नाही

मराठीत शीट चालवणाऱ्यांची ही खास अडचण. व्हीलुकअप दोन शब्द जुळवतं तेव्हा ते आपल्यासारखं डोळ्यांनी वाचत नाही, त्यामागची अक्षरांची साखळी तपासतं. 'कऱ्हाड'मधला अर्धा 'र' कीबोर्डनुसार दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत त्यासाठी वेगळं अक्षरच आहे, दुसऱ्या पद्धतीत साध्या 'र'ला हलन्त लावून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह येतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण 'लेन' फंक्शनने लांबी मोजली तर एकाची ६ आणि दुसऱ्याची ७ भरते. शीट्ससाठी ही दोन वेगळी गावं आहेत!

'पाटील' आणि 'पाटिल'चा फरक निदान दिसतो. शब्दामागे राहिलेली मोकळी जागा मात्र दिसत नाही, आणि मोबाइलवर सुचवलेला शब्द निवडला की ती जागा हमखास येते.

दुरुस्ती अशी:

– कॉलम सिलेक्ट करून 'डेटा', 'डेटा क्लीनअप', 'ट्रिम व्हाइटस्पेस' करा. फालतू मोकळ्या जागा जातात.

– गाव, वस्तू, ग्राहक यांची नावं प्रत्येकाने टाइप करू नयेत. 'डेटा व्हॅलिडेशन'मधून ड्रॉपडाउन यादी द्या, म्हणजे सगळीकडे एकच साखळी राहील.

– त्याहून उत्तम म्हणजे प्रत्येक ग्राहकाला क्रमांक द्या आणि नावाऐवजी क्रमांकाने शोधा. एकाच नावाचे दोन ग्राहक असतील तर हाच मार्ग उरतो.

व्हीलुकअपबद्दल आणखी एक गोष्ट. त्यातला चौथा भाग 'फॉल्स' ठेवायला विसरू नका. तो रिकामा सोडला तर शीट्स यादी क्रमाने लावलेली आहे असं धरतं आणि नेमका शब्द न सापडताही जवळचं काहीतरी उत्तर देतं. म्हणजे चकलीला चिवड्याचा दर लागू शकतो आणि कुठेही लाल खूण दिसत नाही.

५. नावं एकाची, रक्कम दुसऱ्याची

फक्त एक कॉलम सिलेक्ट करून 'सॉर्ट रेंज' केलं की तेवढाच कॉलम हलतो, बाकीचे जागेवर राहतात. नावं अकारविल्हे लागतात, पण त्यांच्यासमोरच्या रकमा जुन्याच. बेरीज बरोबर येते, म्हणून संशयही येत नाही. मात्र प्रत्येकाची थकबाकी दुसऱ्याच्या नावावर गेलेली असते.

सॉर्ट करताना पूर्ण तक्ता सिलेक्ट करा किंवा शीर्षकाची ओळ 'फ्रीझ' करून 'सॉर्ट शीट' वापरा. नुसतं स्वतःला बघायचं असेल तर 'फिल्टर व्ह्यू' वापरा. साधा फिल्टर लावला तर तो सगळ्यांच्या पडद्यावर लागतो आणि "माझ्या ऑर्डरी गायब झाल्या" असे फोन सुरू होतात.

फॉर्म आणि जोडलेली शीट्स

गुगल फॉर्मवरून ऑर्डर घेत असाल तर प्रत्येक उत्तरासाठी शीटमध्ये नवी ओळ तयार होते. शेजारच्या कॉलममध्ये तुम्ही लिहिलेला फॉर्म्युला त्या ओळीत आपोआप उतरत नाही. त्यामुळे पहिल्या ५० ऑर्डरींचा हिशोब होतो आणि ५१व्या ऑर्डरीपासून जागा रिकामी राहते. यावर 'ॲरेफॉर्म्युला' हा उपाय आहे. नाहीतर उत्तरांच्या टॅबला हात न लावता दुसऱ्या टॅबवर हिशोब मांडा. दुसरा मार्ग जास्त सोपा आणि सुरक्षित.

एका शीटमधून दुसऱ्या शीटमध्ये माहिती आणणारं 'इम्पोर्टरेंज' पहिल्यांदा लावलं की #रेफ! दिसतं. घाबरू नका. सेलवर माउस नेला की 'अलाउ ॲक्सेस' असं बटण येतं, ते एकदा दाबायचं. नंतर कधी तेच बंद पडलं तर मूळ शीट डिलीट झालंय का, टॅबचं नाव बदललंय का किंवा परवानगी काढलीये का, हे बघा. टॅबचं नाव फॉर्म्युल्यात अक्षरशः लिहिलेलं असतं. त्यामुळे 'एप्रिल'चं 'एप्रिल नवीन' केलं की जोड तुटते.

शीट हळू चालतंय, उघडतच नाही

एका गुगल शीटमध्ये जास्तीत जास्त १ कोटी सेल मावतात. छोट्या व्यवसायाचा डेटा त्याच्या जवळपासही जात नाही, पण शीट त्याआधीच दमतं. कारणं साधारण ही असतात: पूर्ण कॉलमवर लावलेले शेकडो व्हीलुकअप, एकमेकांना जोडलेली अनेक इम्पोर्टरेंज, सतत बदलणारी 'नाउ'सारखी फंक्शन्स आणि सगळीकडे लावलेली रंगीत 'कंडिशनल फॉरमॅटिंग'.

उपाय: दर आर्थिक वर्षाला नवं शीट सुरू करा. जुन्या महिन्यांचे फॉर्म्युले कॉपी करून 'पेस्ट व्हॅल्यूज ओन्ली'ने नुसत्या आकड्यांत बदला. खालच्या हजारो रिकाम्या ओळी डिलीट करा.

मर्यादा माहीत नसल्यावर काय होतं, याचं मोठं उदाहरण ब्रिटनचं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीतून कोविडचे १५,८४१ रुग्ण वेळेवर मोजलेच गेले नाहीत. एक्सेलच्या जुन्या फाइल प्रकारात ६५,५३६ ओळीच मावतात आणि त्यापुढची माहिती गळून गेली होती. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांचा शोधही त्यामुळे लांबला.

शीट उघडतच नसेल तर क्रमाने हे बघा:

– ब्राउझरमध्ये दोन-तीन गुगल अकाउंट चालू आहेत का? 'यू नीड ॲक्सेस' येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. ज्या अकाउंटला परवानगी आहे, त्यातून उघडा.

– इन्कॉग्निटो विंडोमध्ये उघडतंय का? उघडत असेल तर दोष एखाद्या एक्स्टेन्शनचा किंवा कॅशेचा आहे.

– ज्याचं शीट आहे त्याची १५ जीबी जागा भरली आहे का? ही जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून असते. मर्यादा ओलांडली की त्या व्यक्तीची शीट्स कोणालाच बदलता येत नाहीत.

– सगळ्यांचंच बंद असेल तर गुगलच्या वर्कस्पेस स्टेटस डॅशबोर्डवर बघा. तिथे अडचण दाखवत असेल तर थांबण्याशिवाय पर्याय नाही.

इंटरनेट वारंवार जात असेल तर कॉम्प्युटरवर क्रोममध्ये ऑफलाइन सोय चालू करून ठेवा. पण ती इंटरनेट असतानाच चालू करावी लागते.

मराठी मजकुराच्या जागी विचित्र चिन्हं

शीट 'सीएसव्ही' म्हणून डाउनलोड करून एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडलं की मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. डेटा खराब झालेला नसतो, एक्सेल तो चुकीच्या लिपी-संकेताने वाचत असतं. सोपा उपाय म्हणजे सीएसव्हीऐवजी एक्सेलच्या फाइल प्रकारात डाउनलोड करा. सीएसव्हीच हवी असेल तर एक्सेलच्या 'डेटा' मेनूतून फाइल आत घ्या आणि 'यूटीएफ-८' निवडा. ती बिघडलेली फाइल मात्र 'सेव्ह' करू नका. केली तर बिघाड कायमचा होऊ शकतो.

कोणी बदललं? परत कसं आणायचं?

एखादाच सेल संशयास्पद असेल तर राइट क्लिक करून 'शो एडिट हिस्टरी' बघा. कोणी, कधी, कशाचं काय केलं ते दिसतं. पूर्ण शीटसाठी 'फाइल'मध्ये 'व्हर्जन हिस्टरी' आहे.

इथे एक घाई टाळा. सकाळी झालेली चूक संध्याकाळी लक्षात आली आणि तुम्ही सकाळचं व्हर्जन 'रिस्टोअर' केलं, तर मधल्या वेळेत बाकीच्यांनी भरलेल्या ऑर्डरीही समोरून जातात. त्यापेक्षा जुन्या व्हर्जनची वेगळी कॉपी काढा आणि त्यातला बिघडलेला कॉलम तेवढा परत आणा. पूर्ण शीटच डिलीट झालं असेल तर मालकाच्या ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ते ३० दिवस असतं. त्यानंतर नाही.

मालक कोण, किल्ली कोणाकडे?

शेवटची अडचण तांत्रिक नाही, पण सगळ्यात जास्त नुकसान करणारी आहे. अनेक ठिकाणी धंद्याचं शीट कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक जीमेलवर बनवलेलं असतं. तो काम सोडून गेला, अकाउंट बंद केलं, की शीट गेलं. व्यवसायासाठी वेगळं अकाउंट ठेवा आणि मालकी तिकडे आणा. वैयक्तिक अकाउंटमध्ये समोरच्याने मान्य केल्याशिवाय मालकी बदलत नाही, त्यामुळे हे तो माणूस असेपर्यंतच उरका.

'एनीवन विथ द लिंक – एडिटर' ही सोय तर शक्यतो वापरूच नका. लिंक फॉरवर्ड होत होत कुठेही पोचते आणि तुमच्या ग्राहकांची नावं, पत्ते, मोबाइल नंबर कोणाच्याही हाती लागतात. टॅब 'हाइड' केला म्हणजे सुरक्षित झाला, हाही गैरसमज आहे. ज्याला शीटची कॉपी काढता येते, त्याला लपवलेला टॅबही उघडता येतो. दर आणि फॉर्म्युल्यांच्या कॉलमना 'प्रोटेक्ट' लावा. त्याने चुकून होणारे बदल थांबतील. गुपित माहितीसाठी मात्र वेगळं शीटच ठेवा.

दर शनिवारची दहा मिनिटं

– रकमेच्या कॉलमचे 'काउंट' आणि 'काउंट नंबर्स' जुळतात का बघा.
– शीटमधली आठवड्याची बेरीज बँकेच्या किंवा यूपीआय ॲपच्या नोंदीशी पडताळा. शीटची बेरीज शीटशीच पडताळून काही सिद्ध होत नाही.
– कोणत्याही पाच ऑर्डरी निवडून नाव, वस्तू, दर, रक्कम डोळ्यांनी तपासा. सॉर्ट किंवा व्हीलुकअपची गडबड इथेच पकडली जाते.
– 'शेअर'मध्ये कोणाकोणाची नावं आहेत ते बघा, नको असलेली काढा.
– एक कॉपी डाउनलोड करून वेगळ्या ठिकाणी ठेवा.

वहीत खाडाखोड झाली की ती दिसायची. शीटमध्ये खाडाखोड दिसत नाही, सगळे आकडे सारखेच नीटनेटके असतात. म्हणून तपासायची सवय आपणच लावून घ्यायची. तुमच्या ग्रुपवर शीट सांभाळणारी एखादी ताई किंवा दादा असेलच, त्यांना हा लेख नक्की पाठवा.